मध्यंतरापर्यंतचे सर

आमच्या सरांनी गेल्या बारा वर्षांत एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही. तरीही चंदीगड, पंचकुला आणि मोहाली या तिन्ही गावांतली मराठी माणसं कुठला सिनेमा पाहावा आणि कुठला पाहू नये, हे सरांचं परीक्षण वाचून ठरवतात. दुसरी गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पहिली या मराठी माणसांपैकी बराच काळ सरांच्या घरच्यांखेरीज फक्त मला ठाऊक होती, आणि मी ती आठ वर्षं पोटात ठेवली. त्याबद्दल मला कुणी शाबासकी द्यावी असं त्यात काही नाही.

सर म्हणजे शिक्षक नव्हेत. आयटी पार्कातल्या आमच्या कंपनीत ते माझे वरिष्ठ आहेत. सॉफ्टवेअर कसं वापरायचं हे सांगणारी जी माहितीपुस्तकं कुणीही उघडत नाही, ती लिहिणारा आमचा विभाग. कंपनीत सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, अगदी मोठ्या साहेबांनासुद्धा. मीही पहिल्या दिवशी यांना नावाने हाक मारली, तर हे ऐकू न आल्यासारखे स्क्रीनकडे बघत राहिले. दुसऱ्यांदा 'सर' म्हटलं तेव्हा मान वळली. त्या दिवसापासून ते सर.

मूळचे नगरचे. चोवीस वर्षं चंदीगडात काढल्यामुळे त्यांच्या मराठीत यार, जी, पक्का हे शब्द कायमचे राहायला आलेले. परीक्षण लिहायला बसले की मात्र हे सगळे पाहुणे घराबाहेर. तिथे 'आशयघनता', 'पटकथेचा कणा' आणि 'दिग्दर्शकीय प्रामाणिकपणा' यांचीच वर्दळ. इंटरनेटवर त्यांचं स्वतःचं पान होतं, 'भीडभाड न ठेवता' या नावाचं. दर शनिवारी संध्याकाळी त्यावर परीक्षण चढायचं आणि दहाच मिनिटांत मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यायचं. लष्करातले अधिकारी, विद्यापीठातले प्राध्यापक, डॉक्टर, सगळे त्याची वाट बघत. हाडांच्या एका डॉक्टरांनी तर बायकोच्या वाढदिवसाची काढलेली तिकिटं ऐनवेळी रद्द केली होती, कारण सरांनी त्या सिनेमाला बावीस गुण दिले होते.

सर तारे वगैरे देत नसत. शंभरपैकी गुण देत. आणि बारा वर्षांत त्यांच्या हातून एकही सिनेमा पास झालेला नव्हता. उच्चांक चौतीसचा. एकदा मी विचारलं, की अजून एक गुण दिला असता तर काय बिघडलं असतं? सर म्हणाले, "पस्तीस ज्याला द्यायचे तो सिनेमा अजून बनायचाय, यार." हे ते अशा आवाजात म्हणाले, की जणू जगभरचे दिग्दर्शक त्या एका गुणासाठी रांगेत उभे आहेत. पुढे कधीतरी माझ्या लक्षात आलं, की हा माणूस निम्माच सिनेमा पाहतो, तर त्याचे गुण पन्नासपैकी धरायला हवेत. तसे धरले तर बरेच सिनेमे बऱ्यापैकी मार्कांनी पास होतात.

सिनेमाला जाताना सरांचा एक वेष असे. बिनबाह्यांचं, पुढे सहा-सात खिसे असलेलं जाकीट, आणि जूनच्या उकाड्यातही गळ्याला मफलर, कारण थिएटरातला एसी 'प्रामाणिक नसतो'. एका खिशात डायरी, दुसऱ्यात टॉर्चचं पेन आणि तिसऱ्यात चिवड्याची स्टीलची छोटी डबी. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी होती. दारावरच्या माणसाने डबी चाचपली की सर शांतपणे म्हणत, "दवाई है." मग अंधारात कुरुमकुरुम करत ते औषध घेत बसायचे. खुर्ची नेहमी रांगेतली कडेची. सिनेमा सुरू झाला की ते पडद्याशी हळू आवाजात भांडायला लागत. "कॅमेरा इथे कशाला?" "बाई, तू आत्ता आलीस कशाला?" पुढच्या रांगेतल्यांनी वळून बघितलं की आनंदाने डायरीत काहीतरी टिपून घेत.

पहिल्यांदा त्यांच्यासोबत गेलो तेव्हा मध्यंतरात ते उठले. मला वाटलं बाथरूमला गेले. उत्तरार्ध सुरू झाला, अर्धा होत आला, तरी खुर्ची रिकामीच. बरं नसेल म्हणून मी घाबरून बाहेर आलो. दारावरचे सरदारजी मला बघून हसले आणि म्हणाले, "ओ तां चले गए जी, तुसी बैठो आराम नाल." ते सरांना फार दिवसांपासून ओळखत होते. सर बाहेर पडताना ते दर वेळी अदबीने दार धरत आणि म्हणत, "हाफ टाइम मुबारक, सर जी."

सिनेमा संपतो न संपतो तोच सरांचा फोन. ते घरी पोचलेले, चहा झालेला.

"हं, पुढे काय झालं ते सांग पटकन."

"सर, तुम्ही गेलात का?"

"अरे, साडेपाचला निघालं तर बावीस मिनिटांत घर. सिनेमा संपल्यावर निघालं तर झिरकपूरच्या पुलाखाली दीड तास. तो दीड तास मी लेखनाला देतो."

"पण शेवट न बघता लिहायचं?"

"सिनेमा माणसासारखा असतो. अर्ध्या तासात कळतो. मी तर त्याला सव्वा तास देतो."

ट्रॅफिक चुकवायला पळणारा माणूस मी तोवर पुष्कळ पाहिला होता. पण त्या पळण्याला तत्त्व म्हणणारा हा पहिलाच. मीही झिरकपूरलाच राहत होतो, त्यांच्यापासून तीन बिल्डिंगा सोडून. म्हणजे उत्तरार्ध पाहून मी रिक्षाने निघायचो, पुलाखाली अडकायचो, आणि हॉर्नच्या गदारोळात कानात बोट घालून सरांना सिनेमाचा उरलेला भाग सांगायचो. सरांची ताकीद असे, "भावना सांगू नकोस. घटना सांग. भावना मी घालतो." मी घरी पोचेपर्यंत परीक्षण ग्रुपवर आलेलं असे आणि त्याखाली नमस्कारांचे हात आणि अंगठे उमटलेले असत.

मी हे का केलं, असं कुणीही विचारेल. तिकिटं सर काढत. वर्षाच्या शेवटी माझ्या कामाबद्दल कंपनीत चार शब्द तेच लिहीत. ही दोन कारणं कुणालाही पटतील. तिसरं जरा लाजिरवाणं आहे. मी फोनवर सांगितलेलं एखादं वाक्य दुसऱ्या दिवशी मंडळातली माणसं एकमेकांना ऐकवायची, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

घरच्यांना सर पुरते ठाऊक होते. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, एकदा चहा देता देता सहज म्हणाल्या, "ह्यांनी आमच्या लग्नाची कॅसेटसुद्धा सीमांतपूजनापर्यंतच पाहिलीय. मंगलाष्टकं अजून बघायची आहेत." सर म्हणाले, "त्यातली मांडणी विस्कळीत आहे." मुलगा नववीत. त्याला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत. तो मोबाइलवरून डोकं न काढता म्हणाला, "पापा, एंड में क्या हुआ था, मम्मी मान गई थी?" वहिनी हसल्या. सर हसले नाहीत. त्यांनी मला त्यांच्या खोलीत नेलं आणि समीक्षकाच्या घरातल्या एकाकीपणावर अर्धा तास ऐकवलं.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मीही तेच करत आलो. ज्यांचे सिनेमे सर नापास करत, ती माणसं मुंबईत किंवा त्याहून लांब होती. त्यांना सरांचा आणि सरांना त्यांचा काही उपद्रव नव्हता. मागच्या हिवाळ्यात मात्र सिनेमा करणारी बाई इथलीच निघाली.

ती चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत राहायची, एका मेजरांची बायको. मंडळातले आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो. तिने दोन वर्षं खपून मोबाइलवर सत्तर मिनिटांचा एक मराठी सिनेमा केला होता. काम करणारी मंडळी म्हणजे शेजारच्या क्वार्टरांमधल्या सातारच्या दोन बायका आणि ताईची स्वतःची नऊ वर्षांची मुलगी. गोष्ट एवढीच, की नवरा सीमेवर आहे, बदलीचा हुकूम आलाय आणि बायको एकटीने घर आवरतेय. लष्करातल्या घरांत सामानाच्या मोठ्या काळ्या ट्रंका असतात, त्यांवर पांढऱ्या रंगात अधिकाऱ्याचं नाव आणि नव्या ठिकाणाचा पत्ता लिहितात. त्या ट्रंका भरण्याचा हा सिनेमा.

ताईला तो पुण्याच्या हौशी सिनेमांच्या एका महोत्सवाला पाठवायचा होता. अर्जाबरोबर कुठेतरी प्रसिद्ध झालेलं एक परीक्षण जोडायची अट होती. मुदत जानेवारीअखेरची, आणि फेब्रुवारीत त्यांची स्वतःची बदली ठरलेली. ती सरांना भेटायला आमच्या ऑफिसखालच्या कॅन्टीनमध्ये आली तेव्हा मी तिथेच होतो.

"नव्या ठिकाणी गेलं की माणसं ओळखीची व्हायला दोन वर्षं जातात," ती म्हणाली. "तोवर पुन्हा बदली येते. हा आत्ता गेला नाही तर राहूनच जाईल, सर. मला माहितीये ना."

सर खुर्चीत जरा मागे रेलले. "मी भीडभाड ठेवत नाही, आधीच सांगतो."

"नकाच ठेवू," ती म्हणाली. "फक्त बघा."

मंडळाने एका रविवारी दुपारी सेक्टरातल्या कम्युनिटी हॉलमध्ये सिनेमा दाखवायचं ठरवलं. सत्तर मिनिटांच्या सिनेमाला खरं तर मध्यंतर लागत नाही. पण मंडळाचा कुठलाही कार्यक्रम चहा-वड्याशिवाय होत नाही, त्यामुळे ताईला सांगून सिनेमा मधोमध तोडण्यात आला. वडे एका पंजाबी हलवायाकडून आणले होते. त्याने आपल्या मनाने बटाट्यात पनीर आणि अख्खे धणे घातले होते, आणि सगळे ते नावं ठेवत खात होते.

त्या दिवशी सूर्य दिसला होता. हे चंदीगडात राहिलेल्यालाच कळेल. जानेवारीत धुकं बसतं ते आठ-आठ, दहा-दहा दिवस हलत नाही. हाडं गारठतात, कपडे वाळत नाहीत, माणसं चिडचिडी होतात. मग एका दुपारी अचानक ऊन पडतं आणि अख्खं शहर हातातलं काम टाकून बाहेर येतं आणि हिरवळीवर पाठ शेकत बसतं. मध्यंतरात मी चहा घेऊन हॉलबाहेरच्या हिरवळीवर गेलो. सर मफलर आवळत पार्किंगकडे निघालेच होते. "रविवार आहे," जाता जाता म्हणाले. "झिरकपूरला सगळे मॅरेज पॅलेस भरलेले असणार. वराती रस्त्यावर यायच्या आत निघतो. तू आहेस ना, पक्का?"

"आहे सर."

थोड्या वेळाने बहुतेक सगळे आत गेले. मीही उठणार होतो. तेवढ्यात दारातून ताई बाहेर आली. कॉटनची ठेवणीतली साडी, त्यावर नवऱ्याचा जाड स्वेटर, आणि थंडीने लाल झालेलं नाक.

"सर दिसत नाहीत," ती म्हणाली.

"मागे बसलेत, अगदी शेवटी," मी म्हणालो. "तुम्ही सुरू करा."

ती मान हलवून आत गेली. आणि मी गेलो नाही. पाठीवर ऊन होतं, हातात दुसरी प्लेट होती आणि शेजारी मंडळाचे दोघे क्रिकेटवर बोलत होते. पाच मिनिटांनी जाऊ, दहा मिनिटांनी जाऊ, असं करत करत आतून टाळ्या ऐकू आल्या. सिनेमा संपला होता. पाठोपाठ सरांचा फोन.

"सांग पटकन."

आठ वर्षांत मी त्यांना इतके शेवट सांगितले होते, की एखादा रचायला मला काहीच जड गेलं नाही. नवरा अचानक दारात येऊन उभा राहतो, असं मी सांगितलं. बायको काळ्या ट्रंकेवर बसून रडते. मुलगी धावत जाऊन त्याला मिठी मारते.

"आणि संगीत?"

"बासरी," मी म्हणालो.

सरांचा फोनवरच सुस्कारा ऐकू आला. त्यांना हवं होतं ते मिळालं होतं.

परीक्षण संध्याकाळी आलं. त्यातला अर्धा मजकूर बासरीवर होता. "पतीला पाहून पत्नी हुंदके देऊ लागते आणि तेवढ्यात बासरी वाजते. पडद्यावर बासरी वाजली की समजावं, दिग्दर्शकाकडचं सांगण्यासारखं सगळं संपलेलं आहे. ही बासरी म्हणजे दिग्दर्शिकेच्या आत्मविश्वासाचा अभाव आहे." गुण एकतीस. खाली सरांनी ग्रुपवर स्वतंत्र लिहिलं, की हौशी प्रयत्न म्हणून त्यांनी हात सैल सोडला आहे. ज्यांनी तीन तासांपूर्वी हॉलमध्ये बसून अख्खा सिनेमा पाहिला होता, त्यांनीही त्याखाली अंगठे दिले. एकालाही असं वाटलं नाही, की आपण तर बासरी ऐकली नाही. याचं मला अजून नवल वाटतं. बहुतेकांनी स्वतःच्या कानांपेक्षा सरांच्या कानांवर विश्वास ठेवला असणार.

पुढच्या आठवड्यात विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बायका आतल्या खोलीत, आम्ही पुरुष बाहेर दिवाणखान्यात. ताई तिळगुळाचा डबा घेऊन बाहेर आली. तिने सगळ्यांना वड्या दिल्या, देताना जे म्हणायचं ते म्हणाली, आणि सरांसमोर थांबली.

"सर, एक विचारू?"

"विचारा ना. निःसंकोच."

"तुम्ही बासरी कुठे ऐकलीत?"

"शेवटी. तो मिठीचा प्रसंग आहे तिथे."

"सिनेमात बासरी नाही," ती म्हणाली. "मिठी पण नाही. नवरा येतच नाही. उत्तरार्धात तर संगीतच नाहीये, मला ते करून देणारं कुणी मिळालं नाही."

मी हातातल्या वडीवरचे तीळ बघत होतो. सरांनी डोळे किंचित मिटले आणि म्हणाले, "मॅडम, काही सिनेमांत बासरी न वाजवताही वाजते."

आणि यजमान प्राध्यापकांनी मान डोलावली. खरं सांगतो, डोलावली. शेजारचे हाडांचे डॉक्टरही "अच्छा" असं काहीतरी पुटपुटले. एवढा निगरगट्टपणा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता, आणि त्याला एवढी दाद मिळतानाही पाहिली नव्हती.

ताईचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "मध्यंतरानंतर तुम्ही दिसला नाहीत म्हणून मी सिनेमा थांबवून ठेवला होता. लोक बसले होते तरी. शेवटी बाहेर येऊन ह्यांना विचारलं. हे म्हणाले, सर मागे बसलेत." मग ती माझ्याकडे वळली. "होते का ते मागे?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या एका नजरेत त्यांना सगळं कळलं, की बासरी माझी आहे, आणि मीही आत नव्हतो. तरी त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "होतो ना," ते म्हणाले. "मागेच होतो. सांग रे."

दिवाणखान्यातली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता.

"होते," मी म्हणालो.

ताईने डब्याचं झाकण लावलं. "बरं," ती म्हणाली. "मग तेवढा बासरीचा भाग काढाल का, सर? बाकी सगळं राहू दे. गुणही राहू देत. अर्जाला जोडायचंय, आणि दुसरं परीक्षण आता मिळायचं नाही."

"प्रसिद्ध झालेला शब्द मी बदलत नाही," सर म्हणाले. "तत्त्व आहे, जी."

परतताना मी त्यांच्याच गाडीत होतो. मला वाटलं, आता हा माणूस माझ्यावर ओरडेल, आणि ओरडला तर बरंच होईल. सिग्नलला गाडी थांबल्यावर ते म्हणाले, "पुढच्या वेळी वाद्याचं नाव सांगत जाऊ नकोस. नुसतं संगीत म्हण." झाल्या प्रकारातून त्यांनी घेतलेला धडा तो एवढाच.

ताईने अर्जाला तेच परीक्षण जोडलं. दुसरं होतं कुठे? महोत्सवात तिचा सिनेमा निवडला गेला नाही. त्या परीक्षणामुळेच निवडला नाही असं मी म्हणू शकत नाही. पण ते निवडणाऱ्यांनी वाचलं असेल, मग सिनेमा पाहिला असेल, आणि त्यात बासरी शोधली असेल, हे मनातून जात नाही. फेब्रुवारीत ती आसामला गेली. निरोपाच्या कार्यक्रमात सरांनी मंडळातर्फे भाषण केलं आणि तिला पुढच्या कलाप्रवासासाठी शुभेच्छा दिल्या. मी एका खांबामागे उभा होतो.

महिन्याभराने तिने सरांना आणि मला मिळून एक संदेश पाठवला. सिनेमाची लिंक, आणि खाली एकच ओळ: "आता मध्यंतर काढून टाकलं आहे."

मी तो रविवारी सकाळी पाहिला, सुरुवातीपासून, फोन बंद करून. शेवटी सामानाचा ट्रक गेलेला आहे. रिकाम्या खोलीत आई आणि मुलगी जमिनीवर बसून शेजारणीने दिलेला दहीभात एकाच डब्यातून खातायत. दार वाजतं. त्या घरात राहायला येणारी नवी बाई आधीच येऊन ठेपलीय, तिच्या ट्रंका अंगणात. ती विचारते, पाणी किती वाजता येतं? आणि ही उठून तिला सगळं सांगत सुटते. पाणी कधी येतं, कुठली खिडकी नीट लागत नाही, दूधवाल्याला हाक कशी मारायची, गच्चीत ऊन किती वाजेपर्यंत राहतं. सांगताना तिचा हात प्रत्येक वस्तूवरून फिरतो. मग नवी बाई विचारते, "आणि तुम्ही कुठे चाललात?" ही गावाचं नाव सांगते, पण ते तिला धड उच्चारता येत नाही. मुलगी ते दुरुस्त करते. दोघी हसतात, आणि सिनेमा संपतो. कुणी रडत नाही. मी रडलो, आणि लाज वाटून रडलो की सिनेमासाठी, ते मला वेगळं काढता आलं नाही.

त्याच दुपारी मी ताईला लिहिलं, "ते मागे नव्हते. मीही आत नव्हतो. बासरी माझी होती. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो." संध्याकाळी तिचं उत्तर आलं: "माहिती होतं. आज पाहिलात ना? कसा वाटला?" आठ वर्षांत मला सिनेमाबद्दल हा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता. सर फक्त विचारत, पुढे काय झालं. मी तिला चार पानं लिहून पाठवली. तिच्या आता काही उपयोगाची नव्हती, तरी पाठवली. गुण दिले नाहीत.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीनंतर सर माझ्या टेबलाशी आले. बसले, चिवड्याची डबी पुढे केली.

"ती लिंक आलीय बघ. मी विचार करतोय, दुसरं परीक्षण लिहावं. बाईला दोनेक गुण वाढवून देता येतील. पूर्वार्ध तर माझा झालेलाच आहे. शेवट काय आहे रे?"

"बघा ना सर. उरलेला पस्तीस-छत्तीस मिनिटांचाच आहे."

"तू सांगितलंस की झालं."

"याचा नाही सांगणार, सर."

ते समजुतीने हसले आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. "म्हणजे तूही नाही पाहिलास. ठीक आहे यार, होतं असं."

मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. अजूनही दर आठ-दहा दिवसांनी ते त्या सिनेमाचा विषय काढतात, आणि मी स्क्रीनकडे बघत राहतो. त्यांनी तो पाहिलेला नाही, आणि मी त्यांना सांगितलेला नाही.